पहिली ओळ कुणीतरी उचलावी लागते

साक्ष देण्याच्या कार्यक्रमाचा मला पूर्वीपासून थोडा कंटाळाच आहे. माणसांचा नव्हे, त्या साच्याचा. रविवारची उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" मग कुणीतरी उभं राहतं. ऑपरेशन होतं, प्रार्थना केली, गाठ साधी निघाली. मुलाचं लग्न जमत नव्हतं, उपास धरला, जमलं. मंडळी "हालेलूया" म्हणतात, पेटीवाला भाता मोकळा करतो आणि सगळे जेवायला घरी. ज्यांची गाठ साधी निघाली नाही, ते मागच्या बाकावर असतात. ते उठत नाहीत आणि त्यांना कुणी उठवतही नाही.

गेली काही वर्षं मी त्या मागच्या बाकावरची. आमच्याकडे गोष्टीचा शेवट गोड झालेला नाही, होईलसं दिसतही नाही. तरीही आमच्या घरात आनंद आहे, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. हा काय प्रकार आहे, हे मला स्वतःलाच नीट मांडून बघायचं आहे.

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. गळा मोठा, सूर पक्का आणि सुट्ट्या पैशांवरून भांडण झालं तरी आवाज चढवायचे नाहीत. चर्चमध्ये पंच. भजनाला बसले की टाळ ह्यांच्याच हातात. निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळी दाढी करताना हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. उचलायला वाकले ते तसेच खाली बसले. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोहोचलं नव्हतं. उजवा हात, उजवा पाय गेला आणि त्यांच्याबरोबर वाचाही गेली. तिकिटं पंच करून करून ज्या अंगठ्याला घट्टा पडला होता, तो अंगठा आता मी कोमट पाण्यात धरून उलगडते, नाहीतर मूठ वळलेलीच राहते.

डॉक्टरांनी ह्याला वाचाघात म्हणतात असं सांगितलं. समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही ठाऊक असतं, शब्द मात्र तोंडाशी येत नाही. ह्यांच्याजवळ एकच शब्द उरला. तो शब्द म्हणजे "च्यायला".

आयुष्यभर ज्या माणसानं घरात "मेल्या" सुद्धा म्हणू दिलं नाही, त्याच्याकडे हाच शिल्लक राहावा! नोकरीत कानावर पडला असणार आणि कुठंतरी खोल जाऊन बसला असणार. पाणी हवं, च्यायला. पंखा कमी कर, च्यायला. एकदा भर दुपारी अर्धा तास "च्यायला, च्यायला" चाललं होतं. मी पाणी आणलं, टॉवेल आणला, रिमोट दिला, खिडकी लावली. शेवटी डाव्या हाताच्या बोटामागे नजर नेली, तर भिंतीवरचं कॅलेंडर मागच्याच महिन्यावर होतं. पान उलटलं तेव्हा कुठं गाडी शांत झाली. आणि मी कधी रडायला लागले, तर डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून, अगदी मायेनं, "च्यायला".

दवाखान्यातून घरी आणल्यावर मंडळीतली माणसं प्रार्थनेला आली. चहा झाला, वचन झालं. मग कुणीतरी टिळकांचं एक भजन सुरू केलं. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत नारायण वामन टिळक नुसते पुस्तकात नसतात, ते रोजच्या तोंडात असतात. आमच्या 'उपासना संगीत' ह्या गीतांच्या पुस्तकात त्यांची शेकडो गीतं आहेत आणि ती अभंग-ओवीच्या अंगानं चालतात, त्यामुळे पेटी नसली तरी अडत नाही. पहिली ओळ झाली, दुसरी सुरू झाली आणि कॉटवरून आवाज आला. जाडा, थोडा घसरलेला, पण शब्द न् शब्द स्वच्छ. अख्खं कडवं. मग ध्रुवपद. मग दुसरं कडवं. भजन थांबलं, सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांनी काही सांगायला तोंड उघडलं, आणि आलं काय, तर "च्यायला".

बाया रडल्या. कुणी म्हणालं, चमत्कार. त्या आठवड्यात आमच्या घरी जत्रा होती म्हणा ना.

मला त्या शब्दाचं तेव्हा भय वाटलं. चमत्कार म्हटलं की लोक पुढच्या पायरीची वाट बघायला लागतात. आज गायले, उद्या बोलतील, परवा चालतील. आणि ते काही झालं नाही की हळूच विचारतात, विश्वासात कुठं कमी पडतंय का बघा. मला हे विचारून झालंय, तोंडावर. त्या बाईला मी चहा दिला, एवढीच माझ्या पवित्रीकरणाची मजल.

वाचेचे व्यायाम करून घेणारी मुलगी यायची, तिनं सगळं उलगडून सांगितलं. नवं वाक्य जुळवण्याचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतं. शिव्या, अंक, वारांची नावं, पाठ प्रार्थना, सुरात बांधलेले शब्द ह्यांची वाट मात्र निराळी असते, आणि गाण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत ह्यावरून एक उपचारपद्धतीच निघाली. रुग्णाला साधी वाक्यं सुरात म्हणायला लावायची, डाव्या हातानं ठेका धरायला लावायचा. म्हणजे जे आमच्या घरात भजनाच्या वेळी आपसूक घडत होतं, ते तिकडे शास्त्रानं घडवून आणतात.

पण मला खरा धक्का बसला तो एका जुन्या नोंदीचा. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन नावाच्या लेखकानं एका माणसाबद्दल लिहून ठेवलं आहे. ह्या माणसाचं उजवं अंग गेलं, वाचा बंद पडली. "हो" एवढा एकच शब्द उरला. आणि तरी आजारापूर्वी पाठ झालेली चर्चमधली गीतं तो धडधाकट माणसासारखी स्पष्ट म्हणायचा. दालिननं पुढे एक बारकावा टिपलाय. गीताच्या सुरुवातीला त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजाची थोडी साथ लागायची. सुरुवात कुणी करून दिली, की पुढे तो जायचा.

आमच्या ह्यांचंही नेमकं तेच. एकट्यानं गाणं सुरू करता येत नाही. ओठ हलतात, कपाळावर शीर उभी राहते, काही निघत नाही. मी स्वयंपाकघरातून पहिले दोन शब्द गुणगुणले की बाहेरून पूर्ण कडवं येतं. (त्याला स्वीडनमध्ये "हो" मिळालं आणि ह्यांना नगर डेपोत "च्यायला". ज्याचं त्याचं नशीब.)

माझी स्वतःची अवस्था त्या दिवसांत ह्यांच्याहून वाईट होती. वाचा शाबूत, पण गाणं बंद. रविवारी पुस्तक उघडून उभी राहायचे आणि तोंड मिटलेलं. रात्री तीन-तीनदा उठून कूस बदलून द्यायची, चादर ओली झालेली, पेन्शन कुठवर पुरणार ह्याचा हिशेब डोक्यात, आणि समोर फळ्यावर प्रेषित पौलाच्या पत्रातलं वचन लिहिलेलं: प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. मनात यायचं, पौला, तू एक रात्र आमच्याकडे येऊन झोप.

त्या दिवसांत मला आधार वाटला तो अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा. बायबलातल्या स्तोत्रसंहितेतली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं काही टाळ्या वाजवणारी नाहीत. त्यात गाऱ्हाणी रग्गड आहेत. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी वळण घेतात, "तरी मी तुझी स्तुती करीन" वगैरे. अठ्ठ्याऐंशीवं घेत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. आणि तरीही ज्यांनी हे पुस्तक जुळवलं, त्यांनी ते काढून टाकलं नाही, शेवटी दोन गोड ओळी चिकटवल्या नाहीत. देवापुढे असंही म्हणता येतं, हे कुणीतरी आधीच मान्य करून ठेवलेलं. मी ते रात्री ह्यांच्या उशाशी मोठ्यानं वाचायचे. हे ऐकायचे, आणि शेवटी त्यांचा तो एकमेव शब्द. त्या स्तोत्राला इतकं चपखल आमेन मी दुसरं ऐकलेलं नाही.

माझ्या बाकावर एक मावशी बसतात. कोबी-मेथीचा गाडा लावतात. धाकटा मुलगा गेला, थोरला दारूत. त्यांचा सूर म्हणजे काय सांगू, पेटीवाला कानात बोटं घालायचा बाकी ठेवतो. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून, माझ्याकडे न बघता, माझ्या वाटचंही गायच्या. एका रविवारी माझं मिटलेलं तोंड पाहून कोपर मारलं आणि म्हणाल्या, "तू नको गाऊ. मी गाते तोवर. तू नुसतं पुस्तक धर." किती महिने मी नुसतं पुस्तक धरलं कुणास ठाऊक. केव्हातरी तिसऱ्या कडव्याला माझा आवाज माझ्याच कानावर आला. फार काही वाटलं नाही त्या क्षणी. म्हणजे ज्याला उमाळा म्हणतात तसं काही नाही. घरी येऊन भाकरी थापताना मात्र मी तेच कडवं म्हणत होते, आणि बाहेरून पुढचं आलं.

तेव्हापासून माझं एक मत झालंय. विश्वासातला आनंद म्हणजे एकट्यानं आतून उकरून काढायची वस्तू आहे असं आपल्याला शिकवतात, ते काही खरं नाही. दुःखात माणूस ते करूच शकत नाही. कुणीतरी पहिली ओळ उचलावी लागते. आणि ती उचलली गेली की पुढचं यायला ते आधी कधीतरी, बऱ्या दिवसांत, कंटाळा येईस्तोवर घोटलेलं असावं लागतं. रविवारमागून रविवार, अर्धं लक्ष घरच्या रश्श्याकडे ठेवून म्हटलेली ती गाणी, जमिनीत पुरलेल्या पेवासारखी असतात. पेव उघडलं जातं दुष्काळात.

दुष्काळावरून आजी आठवते. आमचं मूळ गाव पारनेर तालुक्यातलं, कोरडवाहू. १९७२ साली पाऊस गेला तेव्हा आजी पाझर तलावाच्या कामावर होती. खडी फोडायची, पाटी वाहायची, दुपारी सुकडी मिळायची. रेशनला ती तांबडी मिलो ज्वारी. भाकरी थापली की चिरायची, आणि खाऊन पोटात दगड. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. मिशनच्या बायबलबाईनं लहानपणी जे तोंडी पाठ करून घेतलं, तेवढी तिची शाळा. त्यात हबक्कूक संदेष्ट्याचा तो शेवटचा भाग होता. अंजिराचं झाड फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. आजीनं आयुष्यात जैतून पाहिलेलं नव्हतं. ती आपलं म्हणायची, बाजरी वाळली, हुलगा गेला, शेरडं विकली, तरी. ह्या "तरी"वर ती पाटी डोक्यावर घ्यायची. कामावर बाकीच्या बाया ओव्या म्हणायच्या, आजी त्याच चालीवर आपलं भजन घालायची, आणि मराठ्याच्या, वंजाऱ्याच्या बाया झेलायच्या. येशूचं नाव आलं म्हणून कुणी चाल सोडली नाही, असं ती मोठ्या अभिमानानं सांगे. पाटी जड होती आणि चालीनं पाय उचलत होते, एवढाच त्यात व्यवहार.

मला इथं गोडगोड चित्र काढायचं नाही. आजीच्या "तरी"नं पाऊस पडला नाही. त्या "तरी"चा आधार घेऊन गरिबाला गप्प बसवता येतं, हेही खरं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. माझ्या वडिलांना गावानं जात कधी विसरू दिली नाही आणि सरकारी फॉर्मवर ती जात चालली नाही. ते आनंदी गृहस्थ होते, आणि ह्या प्रश्नावर मोर्च्यालाही जायचे. दोन्हीत त्यांना काही विसंगत वाटलं नाही, मलाही वाटत नाही. मंडपात माइक घेऊन "आज रात्री तुमचं कर्ज फिटणार" म्हणून ओरडणाऱ्यांशी मात्र माझं अजिबात जमत नाही. ते आनंद विकतात, आणि घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सावकार दारात दिसतोच.

पंडिता रमाबाईंबद्दल मी पूर्वी वाचलं ते एक विदुषी म्हणून, समाजसुधारक म्हणून. ह्यांच्या उशाशी बसून पुन्हा वाचलं तेव्हा दुसरंच दिसलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात ह्या बाईचं घर उपासमारीनं संपलं. पुराण सांगून पोट भरणारं कुटुंब. वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरलेल्या भावाबरोबर ती देशभर पायी हिंडली. १८८० मध्ये तोही गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीनं गेला. पदरात मनोरमा, वय वर्षभराच्या आतबाहेर. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. इथं साक्ष देणाऱ्यांची गोष्ट संपते. रमाबाईंची नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहिलं. तो आनंद यायला आणखी सात-आठ वर्षं लागली. मधल्या काळात त्या अमेरिकेत व्याख्यानं देत होत्या, मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढत होत्या, पुण्यातल्या टीकेला तोंड देत होत्या. आतून कोरड्या, आणि काम चालू.

आणि मग १८९६-९७ चा दुष्काळ. ज्या भुकेनं आपलं माहेर खाल्लं, तिच्याच मागावर ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. केडगावला, पुणे-दौंड लाइनीवर, विहिरी खणल्या, मुक्तिसदन उभं केलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथं दीड-दोन हजार जणी होत्या. मी कधीकधी विचार करते, त्या मुली गायला कशा शिकल्या असतील? हाडांचे सापळे, घरातली सगळी माणसं मेलेली. कुणी सुरुवात करून दिली असेल? जिच्या घरातलीही सगळी माणसं तशीच मेली होती, तिनंच ना.

शेवटी ऐकू येईनासं झालं होतं, तरी हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर चालू. खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी हवी, हा हट्ट. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवणाऱ्या मुलीही तिथल्याच. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली. सगळं ओझं जिच्या खांद्यावर द्यायचं ठरलं होतं, तीच. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या, पण भाषांतर पुरं करून. त्या नऊ महिन्यांत त्यांना आनंद होता का, हे मी कोण सांगणार? प्रुफं तपासली जात होती, हे मात्र खरं.

माझा पौलावरचा रागही नंतर काहीसा शमला. ज्या फिलिप्पैकरांना त्यानं आनंद करा असं लिहिलं, त्यांच्याच गावात त्याला पूर्वी फटके मारून खोड्यात अडकवलं होतं, आणि मध्यरात्री तो नि त्याचा सोबती सीला गात होते. बायबलात लूकनं तिथं लिहिलंय की बाकीचे बंदिवान ऐकत होते. भूकंप नंतरचा. मला भूकंपापेक्षा ते ऐकणारे जास्त महत्त्वाचे वाटतात. पहाटेपर्यंत त्यातल्या एकदोघांना चाल आली असेल की नाही? आणि हे पत्र त्यानं लिहिलं तेही कैदेतूनच. म्हणजे एक रात्र आमच्याकडे झोपायला त्याला तसं काही जड गेलं नसतं.

आता आमच्याकडे दर गुरुवारी घरसभा असते. सुरुवातीला माणसं ह्यांच्या समाधानासाठी यायची, आता भांडायला येतात. ह्या भजनाची जुनी चाल की नवी, ह्यावर तरुण संघातली पोरं आणि म्हातारे ह्यांच्यात जुंपते. नव्या चालीत कुणी सुरुवात केली, तर हे गातच नाहीत. डाव्या हातानं कॉटच्या दांडीवर जुना ठेका वाजवत राहतात, समोरचा वळणावर येईपर्यंत. गेल्या महिन्यात पाळकसाहेबांची प्रार्थना फार लांबली. देशासाठी, पावसासाठी, सर्व आजाऱ्यांसाठी, मग पुन्हा देशासाठी. श्वास घ्यायला ते थांबले, त्या फटीत कॉटवरून स्पष्ट आवाजात, "च्यायला". क्षणभर कुणी हललं नाही. मग पाळकसाहेबच हसायला लागले आणि म्हणाले, "आमेन."

आणि हंगामाचा सण. आमच्याकडे त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं जे असेल ते वेदीपुढे आणून ठेवतात. बाजरीची कणसं, पपई, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर त्याचा लिलाव. पूर्वी लिलाव ह्यांचाच. कंडक्टरचा आवाज, लांबच्या बाकापर्यंत जायचा. आजारपणानंतर ते काम तरुण संघाकडे गेलं. ह्या वर्षी पोरांनी ह्यांची खुर्ची पुढे नेऊन ठेवली. भोपळ्यावर बोली तीनशेवर अडली. पोरानं ह्यांच्याकडे वळून म्हटलं, "एक वार..." आणि थांबला.

"दोन वार!" हे म्हणाले.

चर्चमध्ये असा काही गलका झाला, की "तीन वार" कुणाला ऐकूच गेलं नाही. पण हे तीनवर थांबायला तयार नाहीत. चार वार, पाच वार, सहा वार, सुटलेच. लिलाव तुटेना, आणि मागून लोकांनी बोली चढवायला सुरुवात केली. चारशे, पाचशे, मावशींनी गाडा लावणारी बाई म्हणून भोपळ्याला इतकी किंमत नसते असं ओरडून सांगितलं आणि स्वतःच सहाशे म्हणाल्या. हे सतरा वारांवर आले तेव्हा दम लागून थांबले. भोपळा अकराशेला गेला. घेणारा आमचाच मुलगा, पुण्याहून आलेला, आधीच गाडीचे हप्ते भरता भरता मेटाकुटीला आलेला. आठवडाभर घारगे, भोपळ्याची भाजी, पुन्हा घारगे. मावशी येऊन दोन डबे घेऊन गेल्या, तरी अर्धा उरलाय.